वनू अत्तेचा करंडा

आमच्या घरात प्रत्येक दाराच्या चौकटीला, वरच्या बाजूने, गादीच्या जुन्या कापडाची जाड घडी खिळ्यांनी ठोकलेली आहे. नवा माणूस घरात आला की वर बघतो आणि विचारतो, हे काय. आई सांगते, वनूचं डोकं. एवढंच सांगून ती कॉफी आणायला आत जाते. वनू अत्ते म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, सहा फुटांना दोन बोटं कमी. आणि तंजावरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली बांधली तेव्हा असली बाई इथे जन्माला येईल असं कोणी धरलेलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी दारांना गाद्या असतात. अत्तेला जाऊन काही वर्षं झाली. घड्या कोणी काढलेल्या नाहीत. तिथे आता कोणाचंच डोकं पोचत नाही, तरी दर पोंगलच्या आधी आई स्टुलावर चढून त्या झटकते.

मी अजून तिशीतच आहे. या वयात आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणा, हे मलाही कळतं. पण आमच्या कामात माणसं म्हातारी व्हायची वाट बघत नाहीत, मी तरी का बघू. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. एक पान, तमिळमध्ये, वर ठळक ओळ, खाली तीन मागण्या, सगळ्यात खाली छापखान्याचं नाव. शाळांच्या दारांत, बसस्टँडवर, मैदानांवर मी ती वाटते, आणि त्यांतली निम्मी पुढच्या वळणावर बज्जीखाली तेल पीत पडलेली बघते. ही गोष्ट त्या एका पानावर कधी मावली नाही. शिवाय तिच्यातलं मुख्य वाक्य अत्ते मराठीत बोलली, स्वयंपाकघरात, आई आणि मी एवढ्या दोघींसमोर. म्हणून विशी उलटल्यावर मी पहिलीतल्या पोरीसारखी पाटी घेऊन देवनागरी शिकले. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांना हे वाचता येणार नाही. ते बरंच आहे. माझी लाज अजून पुरती संपलेली नाही.

घर अरुंद आणि लांबलचक, रेल्वेच्या डब्यासारखं. पुढे नाना, म्हणजे माझे वडील, शिकवणीच्या मुलांना गणित घालत बसायचे, मधल्या खोलीत अत्तेच्या ढाली आणि बक्षिसाच्या तंजावर प्लेटा काचेच्या कपाटात, आणि मागे स्वयंपाकघर, तिथून चिंचेच्या कोळाचा आणि कढीपत्त्याच्या फोडणीचा वास पहाटेपासून पुढे सरकत यायचा. आमच्याकडे वरणाला आंबटी म्हणतात आणि ती खरोखर आंबट असते. सामन्याच्या दिवशी मात्र आंबटी नाही. दहीभात, नारत्तंगाई या कडसर लिंबाचं खारट लोणचं आणि उडदाच्या पिठाची डांगरपचडी. पोटाला थंड, असं आईचं शास्त्र. घराचा आवाज म्हणजे चेंडूचा आवाज. मागच्या दगडी अंगणात अत्ते पहाटे चेंडू आपटायची, आणि शेजारच्या म्हाताऱ्या सुंदरबाई भिंतीपलीकडून ओरडायच्या, "वनू, तुझं लग्न जालं असतं तर येवढ्यात ताक घुसळत असतीस ग." अत्ते उत्तर द्यायची, "ताकच घुसळतें आहे, काकी. उभं राहून." उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आमची मराठी जुनी, तमिळ हेल काढणारी. पुण्याचा पाहुणा आला की तोंडाला रुमाल लावून हसायचा. पण तिचा एक उपयोग होता आणि तो आम्ही पुरेपूर केला: परक्यासमोर घरातलं काहीही बोलता यायचं.

अत्ते राज्याच्या संघात होती, मग देशाच्या संघात गेली, दोनदा विमानात बसली. खेळाडू कोट्यातून तिला सरकारी कचेरीत नोकरी लागली. रिक्षावाले तिच्याकडून भाडं घेत नसत, आणि ती ते सीटवर ठेवून उतरायची. आमच्याकडे बास्केटबॉल हा काही शहरी लोकांचा खेळ नाही. सिमेंटचं मैदान, दोन खांब आणि संध्याकाळ एवढ्यावर गावंच्या गावं जमतात. तिथे वनजा अक्का आली म्हटलं की पोरं झाडांवर चढायची. मी तिची पिशवी धरून मागे असायचे. त्या पिशवीत तिचा करंडा असे. चांदीचा, लिंबाएवढा, झाकणावर मोर; माझ्या पणजीचा कुंकवाचा करंडा. पहिल्या मोठ्या सामन्याला जाताना आजीने तो तिला दिला होता. अत्तेने कुंकू कधीच लावलं नाही, घामाने डोळ्यांत उतरतं म्हणून. करंड्यात ती गोळ्या ठेवायची.

गोळ्या पिवळ्या, दुखण्यावरच्या, कुठल्याही औषधाच्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या. सामना सुरू व्हायच्या आधी संघ गोल करून उभा राहायचा आणि कप्तान, म्हणजे अत्ते, करंडा घेऊन फिरायची. मुलींनी उजव्या हाताची ओंजळ करायची, डावा हात खाली आधाराला, देवळात तीर्थ घेतात तशी. अत्ते एकेक गोळी ठेवायची, मुलगी न बघता तोंडात टाकायची आणि रिकामा तळवा डोक्यावरून फिरवायची. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. आपोआप तसं झालं होतं. जेसिंता फिरवायची, तबस्सुम फिरवायची. ओंजळीत पडलेलं नाकारायचं नसतं, हे आमच्या गावात दूध तुटायच्या आधी शिकतात. मी नऊ-दहा वर्षांची, बाहेर उभी, आणि माझ्या मनात एकच इच्छा, की कधी तरी त्या गोलात माझाही हात असावा.

तो असला. तेच सांगायला बसले आहे.

मी सातवीत असताना अत्तेचे पाय सुजायला लागले. आधी गुडघ्याची दुखापत म्हटलं, मग वात, मग कोणाची तरी दृष्ट. ती दुप्पट गोळ्या घेऊन खेळत राहिली. एका सकाळी तिचा चेहरा एवढा फुगला होता की काचेच्या कपाटात स्वतःला बघून ती म्हणाली, "ही कोण ग?" डॉक्टरांनी तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेलेली होती. वर्षानुवर्षं गोळ्या, तंजावरचं ऊन, आणि पाणी नाही. पाणी का नाही, हे डॉक्टरांना कळेना. पुरुष होते. मैदानांवर मुलींना जायला संडास नसतो, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे त्यांना आईने सांगितलं, जमिनीकडे बघत. आजही नसतो. माझ्या प्रत्येक पत्रकात पहिली मागणी तीच आहे, आणि ती मागणी वाचून हसणारे क्रीडाधिकारी मी पाहिले आहेत.

आठवड्यातून तीनदा अत्तेला रक्त यंत्रातून फिरवून घ्यायला न्यावं लागायचं. त्या दिवशी ती येऊन पडायची, दुसऱ्या दिवशी उठायची, आणि त्या उठण्याच्या दिवसांतूनच तिची मोहीम सुरू झाली. शाळाशाळांतून जायचं आणि सांगायचं: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नका, पाणी प्या, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली तर घरी सांगा, नडगीवर अंगठा दाबून बघा, खळगा राहिला तर डॉक्टरकडे जा. यंत्राच्या सुयांसाठी जोडलेल्या तिच्या हाताच्या शिरेवर दोरखंडासारखी गाठ आली होती, ती ती मुलींना हात लावून बघायला द्यायची. आत मांजर घुरघुरावं तसं रक्त घुरघुरायचं. मुली किंचाळायच्या आणि पुन्हा हात लावायच्या. मी पत्रकं लिहायचे. पंधरा वर्षांची होते, पण लिहायचे ते चाबकासारखं. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. फक्त एक गोष्ट मला टोचायची. अत्ते सांगायची, "आम्हाला गोळ्या मिळायच्या." कोण द्यायचं, ते सांगत नव्हती. करंडा कपाटात प्लेटांच्या मागे गेला होता. एकदा बसमध्ये मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "आधी येवढं तर ऐकूं देत लोक."

त्या मोहिमेतच ओरत्तनाडुला सेल्वी भेटली. शाळेच्या मैदानात आमचं भाषण संपल्यावर एक काळीसावळी, ताडासारखी पोरगी पुढे आली आणि अत्तेला म्हणाली, "अक्का, पाणी पितो आम्ही. पण मग जायचं कुठे, तेही सांगा." अत्ते एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. सेल्वीचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात रोपं लावायला जायचे. अत्तेने खटपट करून तिला तंजावरच्या आमच्या शाळेत आणि वसतिगृहात आणलं. वर्षभरात ती संघातली सगळ्यात चांगली खेळाडू झाली, मी कप्तान. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आणि माझी जीभ तिच्यापेक्षा, असं आमचं वाटप होतं. माझ्याशी ती तमिळमध्येच बोलायची. इथे मी ते मराठीत मांडते आहे, पण तिचं ते मैत्रिणीला हाक मारायचं 'डी' मात्र तसंच ठेवते. तिला एकच गोष्ट हवी होती: राज्याच्या शिबिरात निवड, आणि त्यातून खेळाडू कोट्यातली नोकरी. "मग मी आईला चिखलातून बाहेर काढीन आणि खुर्चीवर बसवीन," ती म्हणायची. "पंख्याखाली. तिला बसायचं कसं तेच माहीत नाही."

मग मुदलाळी आले. आमच्याकडे मालकाला मुदलाळी म्हणतात; नाव मी देत नाही, ते नाव आता इतक्या पाट्यांवर आहे की तुम्हाला पाठ असेल. त्यांचा तेलं, मलमं, गुडघ्याचे पट्टे यांचा धंदा होता. पांढरं धोतर, चकचकीत गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकलेली, हातात फळांची परडी. त्यांनी खेळाडूंसाठी एक चूर्ण काढलं होतं, मुळ्या आणि पाल्याचं. त्यावर त्यांना अत्तेचा चेहरा हवा होता. धंद्यात भागीदारी देतो म्हणाले. अत्तेने परडी परत ढकलली. "मी गोळ्यांच्या विरुद्ध बोलते," ती तमिळमध्ये म्हणाली. मुदलाळी अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच तर तुमच्याकडे आलो, अम्मा. गोळी नको, मुळी घ्या. आणि भागीदारी तुम्हाला नको असेल तर गावाला द्या. तुमच्या नावाने रक्त शुद्ध करायचं केंद्र उघडतो. दोन यंत्रं. गरिबाला फुकट." अत्ते रक्त फिरवायला ज्या दालनात जायची तिथे पाळीसाठी लोक जिन्यावर झोपून वाट बघायचे. तिच्याबरोबरचे दोघे नुसते वाट बघत गेले होते. नाना पुढच्या खोलीतून मराठीत म्हणाले, "वनू, हा मनुष्य फार गोड बोलतो." मुदलाळी हसून नानांकडे बघून मान हलवत होते.

नमुन्याची पाकिटं ते ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आंबटी ढवळत होती, मी कणीक मळत होते, अत्ते चुलीपाशी स्टुलावर बसली होती, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. तिने एक पाकीट फाडलं, बोटाला चूर्ण लावून जिभेवर ठेवलं. सुंठ, थोडा ज्येष्ठमध असा वास घरभर झाला. मग तिचा चेहरा बदलला. तिने पुन्हा बोट लावलं. जिभेच्या शेंड्याशी ती वाट बघत बसली, खाणाऱ्याने नव्हे, ओळखणाऱ्याने बसावं तशी.

"काय जालं?" आईने विचारलं.

"तीच आहे," अत्ते म्हणाली. "कुटून घातली आहे. पंधरा वर्षं जिभेवर ठेवली मी ती, मला चुकायची नाही."

आईचा डाव थांबला. "मग नको म्हणून सांग त्याला. फोन कर."

आंबटीला उकळी आली आणि आईने आच कमी केली. मग ते वाक्य आलं. अत्ते म्हणाली, "दोन यंत्रं, वैनी. गोळ्या त्या पोरी तशाही खाणारच."

एवढंच. ज्या बाईने शाळाशाळांत जाऊन पोरींना नडग्या दाबायला शिकवल्या, तिने हे म्हटलं. मी आज यावर तावातावाने दोन पानं लिहू शकते आणि लिहिली आहेत. पण त्या दुपारी मी काय केलं ते लिहिते. मी म्हटलं, "अत्ते, पत्रक मी लिहीन." मला वाटलं मी मोठी झाले. मला वाटलं हाच तो व्यवहार, ज्याला मोठी माणसं तडजोड म्हणतात आणि उसासा टाकतात. आईने माझ्याकडे बघितलं, कणकेकडे बघितलं, आणि म्हणाली, "पाणी जास्ती जालं ग त्यात." पत्रक मी एका संध्याकाळी लिहिलं. वर ठळक ओळ होती: गोळी सोडा, मुळी घ्या. आजवर मी जी काही लिहिली त्यांत सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक तेच. बसांच्या पाठीवर होतं. अत्तेच्या फोटोखाली.

करंडा कपाटातून बाहेर आला. त्यात आता चूर्ण, आणि एक इवलासा चमचा. सराव असो, सामना असो, मी कप्तान म्हणून गोलात फिरायचे; मुली उजवी ओंजळ करायच्या, चिमूट चाटायच्या, तळवा डोक्यावरून. गुडघे लोण्यासारखे चालायचे. मीही घेत होते, फक्त सामन्याला. सेल्वी रोज घ्यायची, कारण ती रोज चार तास खेळायची. माझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. यात कोणी न्याय शोधू नये.

त्या वर्षीचा अंतिम सामना कोइमतूरच्या मुलींशी होता. निवड करणारे दोघे पत्र्याच्या शेडखाली बसले होते. शेजारी पाहुण्यांच्या खुर्च्यांत अत्ते, झगझगीत रेशमी साडीत, आणि मुदलाळी. कपडे बदलायच्या खोलीत सेल्वी बाकावर बसून बुटाशी झगडत होती. नाडी काढून टाकली होती तरी पाय आत जात नव्हता. "वसतिगृहातले डास," ती म्हणाली, "आता पायपण खातात." तिच्या डोळ्यांखाली उशीसारखी सूज होती. मी गुडघ्यावर बसले. बूट चढवायला मदत करायच्या निमित्ताने मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, माझ्याच पत्रकात लिहिलं होतं तसा, मनात पाच अंक मोजून. अंगठा उचलला. खळगा राहिला. मी बघत राहिले आणि तो भरला नाही.

"काय बघतेस डी, कप्तान? पाय ओळखीचा वाटत नाही?"

"थांब, आले," मी म्हटलं.

मी शेडखाली गेले, अत्तेच्या खुर्चीमागे वाकले आणि आमच्या मराठीत म्हटलं, "अत्ते, सेल्वीच्या पायाला खळगा पडतो आहे. तोंड सुजलं आहे." मुदलाळी माझ्याकडे बघून प्रेमाने हसले, त्यांना वाटलं, आशीर्वाद मागते आहे. अत्तेच्या हाताची गाठ साडीखाली हलत होती, मला दिसत होती. तिने निवडणाऱ्यांकडे पाहिलं. मग मैदानाकडे. तिला सगळं कळलं होतं. मला जेवढं कळलं होतं त्याच्या शंभरपट. "आज खेळूं दे तिला," ती म्हणाली. "आजचा दिवस गेला तर तिला पुन्हा यायचा नाही. उद्या आपण नेऊं डॉक्टरकडे. मी नेतें."

मी अजूनही 'नाही' म्हणू शकत होते. अत्ते आजारी बाई, केंद्राचा पाया खणलेला, तिचं बोलणं तिच्यापाशी. पण करंडा माझ्या हातात होता. मी परत आले, मुली गोल करून उभ्या होत्या, वेळ झाली होती, आणि मी सुरुवात केली. सेल्वी शेवटची होती. तिने ओंजळ पुढे केली, डावा हात खाली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी चमचा भरला आणि तिच्या तळव्यावर पालथा केला. आम्ही सामना जिंकलो. तिने एकटीने निम्म्याहून जास्त गुण केले, आणि शेवटच्या मिनिटाला ती चेंडू टाकायला उडाली तेव्हा पत्र्यावर चढलेली पोरं अत्तेचं नाव घेऊन ओरडत होती, वनजा अक्का, वनजा अक्का, कारण त्यांना उंच पोरीसाठी दुसरं नाव माहीत नव्हतं.

उद्या आला नाही. निवड त्याच संध्याकाळी जाहीर झाली आणि सेल्वीला सकाळच्या बसने शिबिराला जायचं होतं. मुदलाळींनी तिला चूर्णाचं एक खोकं भेट दिलं. मी बसस्टँडवर सोडायला गेले. ते खोकं मीच वर टपावर चढवलं.

सेल्वीला नोकरी लागली. तिची आई वर्ष-दीड वर्ष पंख्याखाली बसली. मग एका दुपारी मी अत्तेला घेऊन केंद्रात गेले आणि दुसऱ्या यंत्राला सेल्वी लावलेली होती. केंद्र खरंच उभं राहिलं होतं, हे सांगायला हवं. बाहेर अत्तेच्या नावाची संगमरवरी पाटी, आत दोन यंत्रं, मुदलाळींनी शब्द पाळला. फुकटची खाट सेल्वीला मिळाली. मिळाली त्या दिवशी मुदलाळींच्या माणसांनी तिचा फोटो काढून नेला. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशाने झालं हे आता कोणी सांगू शकत नाही. मी सांगू शकते.

महिनोन् महिने त्या दोघी शेजारी शेजारी पडायच्या, नळ्यांच्या आरपार जुन्या सामन्यांवर भांडायच्या. दोघींचे पाय खाटेबाहेर. अत्ते तिच्यासाठी चोरून नारत्तंगाईचा तुकडा आणायची, चाटायला. मीठ म्हणून नर्स ओरडायची. अत्तेने तिला काही सांगितलं नाही. एक दिवस अत्तेला झोप लागली होती तेव्हा मी सांगितलं. सगळं: स्वयंपाकघर, बोटावरचं चूर्ण, खळगा, शेड. सेल्वी वर छताकडे बघत होती. यंत्राचा पंप फिरत होता.

"तुला काय वाटलं," ती म्हणाली, "मला जीभ नाही? कडू लागायचं डी. मुळीला असला कडूपणा नसतो. माझी आई वैद्याच्या मुळ्यांवर वाढली."

"मग घेत का होतीस?"

"तू देत होतीस." तिने मान माझ्याकडे वळवली, जेवढी वळत होती तेवढी. "अक्काचा करंडा, तुझा हात. मी कोण नाही म्हणणारी? आणि आता रडू नकोस. माझा पास तर तुला आयुष्यात कधी नीट झेलता आला नाही, हे तरी झेल."

सेल्वी त्या उन्हाळ्यात गेली. ओरत्तनाडुला आम्ही गेलो तेव्हा तिची आई दारातल्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. अत्ते तिच्यापुढे उभी राहिली, बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि त्या बाईनेच तिला हात धरून खुर्चीवर बसवलं, म्हणाली, तुम्ही आजारी आहात, अम्मा. अत्ते बसली. पुढल्या पोंगलनंतर तीही गेली. तिच्या फोटोला हार घालायला मंत्री आले. मी चूर्णाविरुद्ध तक्रार घेऊन कचेऱ्यांचे जिने चढले. एकीत म्हणाले पाकीट आणा, पाकीट आणेपर्यंत नाव बदललं होतं, त्यावर दुसऱ्या मुलीचा फोटो होता, आणि दुसरीत एका साहेबांनी टेबलावरचं एक जुनं पत्रक पुढे सरकवलं आणि विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत ना? बरं लिहिलं आहे.

आता शाळांत मी एकटी जाते. अत्तेने जे कधी सांगितलं नाही ते सांगते: कोणी दिलं ते. पहिलं तिचं नाव, मग माझं. गेल्या महिन्यात पट्टुकोट्टै रस्त्यावरच्या एका शाळेत मुलींचा संघ मैदानावर गोल करून बसवला होता, सामना तासाभरावर होता. मी सगळं सांगितलं. सेल्वीच्या नडगीपर्यंत आले तेव्हा दोघीतिघी रडत होत्या. मला वाटलं, पोचलं. मग पिशवीतून करंडा काढला, दाखवायला. मी तो बरोबर ठेवते, धुतलेला, रिकामा. म्हटलं, हाच तो. उभी राहून मी त्या गोलाच्या आत गेले आणि मोराचं झाकण उघडलं.

माझ्यासमोरच्या मुलीने डोळे पुसले आणि उजव्या हाताची ओंजळ पुढे केली, डावा हात खाली. तिच्या शेजारचीनेही. मग गोलातल्या सगळ्यांनी.